डॉब्स निकालानंतर अमेरिकेचं राजकारण नक्की कुठे बदललं?

रानजाई

नमस्कार मंडळी.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २४ जून २०२२ रोजी डॉब्स खटल्याचा निकाल दिला आणि गर्भपात हा घटनात्मक हक्क मानणारा, १९७३ पासून चालत आलेला 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द ठरवला. गर्भपाताचा कायदा करायची मुभा राज्यांना मिळाली. तेव्हा दोन भाकितं ऐकू येत होती. एक, रिपब्लिकन पक्षाला हे पिढीभर महागात पडणार. दोन, लोक वर्षभरात विसरून जाणार. खरं कुठलंच ठरलेलं दिसत नाही. ५ नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प निवडून आले, सिनेटही रिपब्लिकनांकडे गेली, आणि त्याच दिवशी सात राज्यांत मतदारांनी सार्वमतात गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. त्या सातांपैकी अ‍ॅरिझोना, नेवाडा, मोंटाना आणि मिझुरी या चार राज्यांत ट्रम्पही जिंकले.

एकच मतदार एकाच मतपत्रिकेवर दोन दिशांना मत कसं देतो? आणि ही सार्वमतं मतपत्रिकेपर्यंत पोहोचतात कशी, अडतात कुठे? ज्यांनी हा विषय नीट पाहिला आहे त्यांनी तपशिलात लिहावं. गर्भपात बरोबर की चूक, हा वाद कृपया या धाग्यावर नको.

---

मतमोजणी

रानजाई, मोंटानाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. २०२४ मध्ये ट्रम्प यांना तिथे साधारण ५८ टक्के मतं पडली. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणाऱ्या दुरुस्तीलाही साधारण ५८ टक्केच. दोन्हींची बेरीज ११६ होते, म्हणजे शंभरातल्या किमान १६ मतदारांनी दोन्हीकडे शिक्का मारला असलाच पाहिजे. प्रत्यक्षात हा आकडा याहून मोठा असणार, कारण ट्रम्प यांच्या विरोधातल्या सगळ्यांनी दुरुस्तीला मत दिलं असेल असं नाही.

याची पहिली खूण कॅन्ससमध्ये दिसली होती, निकालानंतर सहाच आठवड्यांत. तिथल्या राज्य सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलं होतं की राज्यघटनेत गर्भपाताच्या हक्काला संरक्षण आहे. ते काढून टाकणारी दुरुस्ती विधिमंडळाने लोकांपुढे ठेवली, आणि तारीख निवडली २ ऑगस्ट २०२२. ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक असते, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणारी फेरी. कुठल्याच पक्षाशी न जोडलेला मतदार त्या दिवशी सहसा फिरकत नाही, कारण त्याला मत देण्यासारखं काही नसतं. या वेळी तो आला. ९ लाखांहून जास्त मतं पडली आणि दुरुस्ती ५९ विरुद्ध ४१ अशी आपटली. दोन वर्षांपूर्वी याच राज्यात ट्रम्प सुमारे १५ टक्क्यांनी जिंकले होते. त्याच नोव्हेंबरात केंटकीनेही अशीच दुरुस्ती फेटाळली, फरक कमी होता, ५२-४८ च्या आसपास.

यातून मी काढलेला निष्कर्ष असा: प्रश्न सुटा विचारला की गर्भपाताचा हक्क बहुतेक ठिकाणी जिंकतो. तोच उमेदवाराच्या गळ्यात बांधला की महागाई, स्थलांतर, बेकारी यांच्या गर्दीत तो अनेकांतला एक मुद्दा होतो. २०२२ च्या एक्झिट पोलमध्ये महागाई ३१ टक्के आणि गर्भपात २७ टक्के अशी मतदारांच्या मुख्य मुद्द्याची वाटणी होती. २०२४ मध्ये गर्भपात १४ टक्क्यांवर आला. आणि राज्यात सार्वमत असेल तर मतदाराला दोन्ही साधता येतं: हक्क दुरुस्तीने सुरक्षित करायचा आणि उमेदवार खिशाकडे बघून निवडायचा. ट्रम्प यांनी एप्रिल २०२४ मध्ये 'हा विषय राज्यांनी ठरवावा' अशी भूमिका घेतली, ती या मतदाराला नेमकी सोयीची होती.

जिथे सार्वमताचा मार्गच नाही तिथे मात्र निवडणूक हेच सार्वमत होतं. व्हर्जिनियात नागरिकांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती आणता येत नाही. २०२३ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर यंगकिन यांनी गर्भपातावर १५ आठवड्यांची मर्यादा आणू असं सांगून विधिमंडळाची दोन्ही सभागृहं मागितली. डेमोक्रॅट्सनी दोन्ही जिंकली, ५१-४९ आणि २१-१९.

मिशिगनबद्दल एक सावधगिरी. २०२२ मध्ये तिथे हक्काची दुरुस्ती ५७ टक्क्यांनी मंजूर झाली आणि डेमोक्रॅट्सना जवळपास ४० वर्षांनी गव्हर्नरपदासह दोन्ही सभागृहं मिळाली. सगळं श्रेय डॉब्सला दिलं जातं, ते मला पटत नाही. २०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी मतदारसंघ आखायचं काम विधिमंडळाकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिलं होतं. नव्या नकाशावर झालेली ती पहिली निवडणूक. नकाशा जुना असता तर तेवढीच मतं मिळूनही सभागृहं हातात आली नसती, असं मला वाटतं.

---

वाटाड्या

सार्वमत कसं येतं आणि कुठे अडतं यावर लिहितो. मिझुरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे सह्यांचा एकही कागद हातात येण्याआधीच महिने गेले.

मसुदा दाखल केला की राज्याचे अधिकारी दोन गोष्टी तयार करतात: मतपत्रिकेवर छापायचा गोषवारा आणि सरकारी तिजोरीवरच्या खर्चाचा अंदाज. ते झाल्याशिवाय सह्या घेता येत नाहीत. मिझुरीच्या ऑडिटरने, म्हणजे राज्याच्या लेखापरीक्षकाने, खर्चाचा अंदाज काढला, वर्षाला सुमारे ५१ हजार डॉलर. हे ऑडिटर स्वतः रिपब्लिकन आणि गर्भपाताच्या विरोधातले, तरी आकडा त्यांनी प्रामाणिकपणे काढला होता. अ‍ॅटर्नी जनरलनी तो मान्य करायला नकार दिला, त्यांना तो अब्जावधींत हवा होता. जुलै २०२३ मध्ये राज्य सुप्रीम कोर्टाने त्यांना सही करायला लावली. मग गोषवाऱ्यावरून दुसरा खटला, कारण त्यात 'धोकादायक आणि अनियंत्रित' असे शब्द घातले होते. कोर्टाने ते पक्षपाती ठरवून बदलले. एवढं होईपर्यंत सह्यांसाठी जेमतेम काही महिने उरले. तरी लागत होत्या त्याच्या दुपटीहून जास्त सह्या आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये खालच्या कोर्टाने 'यामुळे नेमके कोणते कायदे रद्द होतील हे अर्जात लिहिलेलं नाही' म्हणून दुरुस्ती बाद केली. १० सप्टेंबरला, मतपत्रिका पक्की करायच्या शेवटच्या दिवशी, राज्य सुप्रीम कोर्टाने ४-३ ने ती परत मतपत्रिकेवर आणली. नोव्हेंबरात ५१.६ टक्क्यांनी मंजूर झाली.

सह्यांचं गणित ओहायोवरून समजून घ्या. गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १० टक्के सह्या लागतात, २०२३ साठी तो आकडा ४,१३,४८७ होता. शिवाय ८८ पैकी निदान ४४ काऊंटींमधून (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रत्येकी ५ टक्के. मोहिमेने सुमारे ७ लाख सह्या दिल्या, पडताळणीत ४,९५,९३८ टिकल्या. म्हणजे तीनातली एक सुमारे बाद. बाद व्हायची कारणं नेहमीचीच: सही करणारा मतदार यादीत नाही, घर बदललं पण नोंदणी जुन्या पत्त्यावर, एकाच माणसाने दोनदा सही केली. ओहायोत एका अर्जाच्या प्रतीवर एकाच काऊंटीच्या सह्या चालतात. जत्रेत किंवा मॅचच्या बाहेर उभं राहून सह्या घेताना चार काऊंटींची माणसं एका कागदावर आली की घोळ झालाच. म्हणून अनुभवी संयोजक काऊंटीगणिक वेगळी पाटी ठेवतात आणि लागतात त्याच्या दीडपट सह्यांशिवाय थांबत नाहीत.

आर्कान्सामध्ये सह्या पुरेशा होत्या, कागद कमी पडला. गरज ९०,७०४ ची, दिल्या १ लाखाहून जास्त. त्यातल्या १४ हजारांवर सह्या पगारी माणसांनी गोळा केलेल्या. अशा प्रत्येकाला नियम समजावून दिल्याचं प्रमाणपत्र राज्याला द्यावं लागतं, आणि ते सह्यांच्या गठ्ठ्याबरोबर ठरल्या रीतीने जोडलेलं नव्हतं. राज्य सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये ४-३ ने ती त्रुटी जीवघेणी ठरवली. पगारी सह्या वगळल्यावर स्वयंसेवकांच्या ८७ हजारांवर उरल्या, आणि विषय मतपत्रिकेवर आलाच नाही. हे फार चटका लावणारं आहे: मतदारांपर्यंत न पोहोचता एका जोडपत्रावर मोहीम संपली.

मिशिगनमध्ये २०२२ ला ७,५३,७५९ सह्या जमल्या होत्या, लागत होत्या ४,२५,०५९. पण छापताना काही ओळींतल्या शब्दांमधली मोकळी जागा चिकटली होती. विरोधकांनी 'हे वाक्यच नाही' अशी हरकत घेतली, तपासणी मंडळात दोन रिपब्लिकन आणि दोन डेमोक्रॅट, मतं २-२. राज्य सुप्रीम कोर्टाने ५-२ ने दुरुस्ती मतपत्रिकेवर आणली. अर्ज छापण्याआधी अंतिम प्रत प्रत्यक्ष कागदावर काढून वाचा, हा त्यातून घ्यायचा धडा.

शेवटचा अडसर म्हणजे उंबरठा. ओहायोच्या रिपब्लिकनांनी ८ ऑगस्ट २०२३ ला खास निवडणूक लावून घटनादुरुस्तीसाठी ५० ऐवजी ६० टक्के मतं आणि ४४ ऐवजी सर्व ८८ काऊंटींच्या सह्या अशी अट आणायचा प्रयत्न केला. ऑगस्टमधल्या बहुतेक खास निवडणुका याच विधिमंडळाने काही महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. लोकांनी ५७-४३ ने तो प्रस्ताव पाडला आणि नोव्हेंबरात हक्काची दुरुस्ती ५६.८ टक्क्यांनी आणली. ऑगस्टचा प्रस्ताव मंजूर झाला असता तर नोव्हेंबरची ५६.८ टक्के मतं हरली असती. फ्लोरिडात तेच झालं. तिथे ६० टक्क्यांची अट २००६ पासून आहे. २०२४ मध्ये हक्काच्या दुरुस्तीला ५७.२ टक्के मिळाले आणि ती नामंजूर झाली. सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारा कायदा कायम राहिला. ६० टक्क्यांची अट आणणारी ती २००६ ची दुरुस्ती स्वतः मंजूर झाली होती ५७.८ टक्क्यांनी.

नेब्रास्काची युक्ती वेगळी: हक्काच्या दुरुस्तीसमोर विरोधकांनी गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीनंतर बंदी घालणारी दुसरी दुरुस्ती सह्या गोळा करूनच आणली. मतपत्रिकेवर दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी. बंदीवाली मंजूर झाली, हक्काची थोडक्यात हरली.

---

रानजाई

दोघांचेही आभार. आता पुढचा प्रश्न. लोकमत एवढं स्पष्ट असेल तर रिपब्लिकन आमदार नरमत का नाहीत? आणि टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत, जिथे सह्यांचा मार्ग नाही, तिथे काय?

---

कोर्टकचेरी

नरमले त्यांचं काय झालं ते साऊथ कॅरोलायनात पाहा. २०२३ मध्ये तिथल्या सिनेटमधल्या पाचही स्त्री सदस्यांनी, त्यात तीन रिपब्लिकन, जवळपास पूर्ण बंदीचं विधेयक रोखून धरलं. जून २०२४ च्या प्राथमिक निवडणुकीत त्या तिन्ही रिपब्लिकन हरल्या. मतदारसंघ एकतर्फी आखलेला असला की खरी निवडणूक नोव्हेंबरात नसतेच, ती प्राथमिक फेरीत असते आणि तिथे थोडेच पण कट्टर मतदार येतात. आमदाराला भीती राज्यातल्या बहुमताची नसते, आपल्याच पक्षातल्या जास्त कडव्या प्रतिस्पर्ध्याची असते.

सह्यांचा मार्ग नसलेल्या राज्यांत लढाई न्यायाधीशांच्या निवडणुकीत गेली. विस्कॉन्सिनचं उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं. डॉब्सनंतर तिथे १८४९ चा गर्भपातबंदीचा कायदा पुन्हा लागू झाल्यासारखी स्थिती होती. एप्रिल २०२३ मध्ये राज्य सुप्रीम कोर्टाच्या एका जागेसाठी जॅनेट प्रोटासिविट्झ यांनी गर्भपाताबद्दलची आपली मूल्यं उघड सांगून प्रचार केला आणि ११ टक्क्यांनी जिंकल्या. कोर्टाचा कल बदलून उदारमतवाद्यांकडे ४-३ असा झाला. त्या कोर्टाने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, विधिमंडळाचे मतदारसंघ नव्याने आखायला लावले. २०२४ मध्ये डेमोक्रॅट्सना खालच्या सभागृहात १० आणि सिनेटमध्ये ४ जागा जास्त मिळाल्या. १८४९ च्या कायद्याचा निकाल त्यानंतर, जुलै २०२५ मध्ये आला: पुढच्या कायद्यांनी तो निष्प्रभ झाला आहे. गर्भपाताच्या मुद्द्यावर जिंकलेल्या एका जागेने राज्याचा नकाशा बदलला. डॉब्सचा सर्वांत खोल राजकीय परिणाम कोणता असं मला विचारलं तर मी हाच सांगेन.

दुसऱ्या बाजूनेही हे ओळखलं आहे. कॅन्ससच्या विधिमंडळाने राज्य सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश नेमण्याऐवजी निवडून द्यावेत असा प्रस्ताव ऑगस्ट २०२६ च्या मतदानासाठी ठेवला. पुन्हा ऑगस्टच. मिझुरीच्या विधिमंडळाने मे २०२५ मध्ये, म्हणजे लोकांचा कौल मिळून सहा महिने होतात न होतात तोच, ती दुरुस्ती मोडणारं नवं सार्वमत मंजूर केलं आणि त्यात अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांवरची बंदी जोडली. फ्लोरिडाने २०२५ मध्ये सह्या गोळा करण्याचे नियमच कडक केले.

आणि मिसिसिपी, जिथून डॉब्स खटला आला. २०११ मध्ये 'गर्भ फलन झाल्यापासून व्यक्ती' अशी दुरुस्ती तिथल्या मतदारांनी सुमारे ५८ टक्क्यांनी फेटाळली होती. आज तिथे सार्वमताचा मार्ग बंद आहे. राज्यघटनेत पाच काँग्रेस मतदारसंघांतून सह्या आणा असं लिहिलेलं, आणि २००० च्या जनगणनेनंतर मतदारसंघ उरले चार. अट पाळणं अशक्य, म्हणून २०२१ मध्ये राज्य सुप्रीम कोर्टाने सगळी प्रक्रियाच निकामी ठरवली. तो खटला वैद्यकीय गांजाचा होता, पण फटका सगळ्या विषयांना बसला.

---

दुपारचा चहा

मतमोजणी यांच्याशी एका बाबतीत असहमत. २७ वरून १४ टक्के ही घसरण फक्त 'प्रश्न सुटा विचारला' म्हणून झालेली नाही. गर्भपाताच्या गोळ्यांमुळेही झाली. डझनभर राज्यांत जवळपास पूर्ण बंदी असूनही २०२३ मध्ये देशातल्या गर्भपातांची संख्या गुटमाकर या संशोधन संस्थेच्या मोजणीत १० लाखांवर गेली, दशकभरात पहिल्यांदाच. व्हिडिओ कॉलवर सल्ला आणि टपालाने गोळ्या. मॅसॅच्युसेट्सने २०२२ मध्ये असा कायदा केला की दुसऱ्या राज्यातल्या रुग्णाला गोळ्या पाठवणाऱ्या आपल्या डॉक्टरवर बाहेरच्या राज्याचा हात पोहोचणार नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया वगैरेंनी तोच रस्ता धरला. बंदीच्या राज्यात राहणाऱ्या अनेकींना वाट मिळाली, त्यामुळे संताप मतपेटीपर्यंत कमी पोहोचला, असं माझं वाचन. ज्यांना वाट मिळत नाही, म्हणजे उशिरा गुंतागुंत झालेल्या, इस्पितळाचीच गरज असलेल्या बायका, त्यांची संख्या कमी आणि त्रास सगळ्यात जास्त. मतमोजणीत त्या दिसत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढचा पेच राज्य विरुद्ध राज्य असा आहे. जानेवारी २०२५ मध्ये लुईझियानाने न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरवर फौजदारी आरोप ठेवले. गव्हर्नर होकुल यांनी ताबा द्यायला नकार दिला. टेक्सासने त्याच डॉक्टरविरुद्ध लाखभर डॉलरचा दिवाणी हुकूम मिळवला, तर न्यूयॉर्कमधल्या एका काऊंटी क्लार्कने, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, तो नोंदवून घ्यायलाच नकार दिला. संघराज्याच्या घटनेत एका राज्याने दुसऱ्याचे न्यायनिवाडे मानावेत आणि फरार आरोपी सोपवावेत अशी कलमं आहेत. पण ही डॉक्टर लुईझियानातून 'फरार' झालेली नाही, गोळ्या पाठवल्या तेव्हा ती तिथे नव्हतीच. हे शेवटी सुप्रीम कोर्टात जाणार, असा माझा अंदाज.

---

उंबरठा

फक्त अमेरिका पाहिली तर निवडणूक जिंकणं आणि कायदा बदलणं एकच वाटू शकतं. पोलंड शेजारी ठेवा. २२ ऑक्टोबर २०२० ला तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातल्या गंभीर व्यंगाचं कारण रद्द केलं, आणि कायदेशीर गर्भपातांपैकी जवळपास सगळे त्याच कारणाखाली होत. रस्त्यावर प्रचंड मोर्चे निघाले. १५ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्क्यांवर मतदान झालं, सत्ताधारी पक्षाचं बहुमत गेलं, टुस्क पंतप्रधान झाले. कायदा मात्र तिथेच. आघाडीतला शेतकरी पक्ष या विषयात जुन्या वळणाचा. गर्भपाताला मदत करणाऱ्यांवरची शिक्षा काढायचं विधेयकसुद्धा जुलै २०२४ मध्ये २१८-२१५ ने पडलं. तीन मतं. शिवाय पुढे राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार होताच.

आपल्याकडे हा निवडणुकीचा मुद्दा का झाला नाही असं कोणी विचारेलच, म्हणून थोडक्यात. भारतातला १९७१ चा गर्भपाताचा कायदा शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींवर आला आणि त्याची मांडणी डॉक्टरचा निर्णय आणि आईचं आरोग्य अशी होती, स्त्रीचा हक्क अशी नव्हती. त्यामुळे कोणी कोणाविरुद्ध झेंडा उभारला नाही. २०२१ मध्ये काही गटांसाठी मर्यादा २० वरून २४ आठवडे झाली, तेव्हाही प्रचारात त्याचा मागमूस नव्हता. भारतात राजकीय धार आली ती लिंगनिदानाच्या प्रश्नाला, आणि त्यावर पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला.

---

हडसनकाठ

वाटाड्या, इथे अमेरिकेत मराठी मंडळांच्या कार्यक्रमांबाहेरही असे सह्या घेणारे उभे असतात. ग्रीन कार्डवाल्यांनी सही केली तर चालते का?

---

वाटाड्या

नाही. सही फक्त नोंदणीकृत मतदाराची चालते आणि मतदार नोंदणी फक्त नागरिकांची होते. ग्रीन कार्ड, एच-वन, विद्यार्थी व्हिसा, कोणीही सही करू नये. नुसती सही बाद होऊन विषय संपत नाही. बहुतेक अर्जांवर वरच छापलेलं असतं की खाली सही करणारे या राज्याचे पात्र मतदार आहेत. त्याखाली सही म्हणजे खोटं निवेदन. नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, तुम्ही कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलं का, मतदार नोंदणी केली का, हे थेट विचारतात. गोळा करणारा माणूस घाईत असतो, 'करा हो, काही होत नाही' म्हणतो. त्याचं ऐकू नका. चुकून झाली असेल तर अर्ज सादर होण्याआधी राज्याच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून सही मागे घेता येते का ते बघा. बऱ्याच राज्यांत तशी सोय आहे. आणि इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा.

पैसे देण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ओहायोने २०२४ मध्ये परदेशी नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांसकट, सार्वमताच्या मोहिमेवर खर्च करायला मनाई केली आणि त्यावरून कोर्टात वाद झाला. त्यामुळे देणगीचं बटण दाबण्याआधी त्या राज्याचा चालू नियम वाचा. नागरिक असलेल्यांनी सही करताना पत्ता मतदार नोंदणीत आहे तसाच लिहा आणि काऊंटीचं नाव तपासा. सह्या बाद व्हायच्या नेहमीच्या कारणांत हे दोन रकाने येतात.